धांड्यावरची लेकरं

आमच्या घरात मासे कुणीच खात नसे, तरी माशाचं गाडगं दर वेळी धुऊन पुसल्यासारखं रिकामं व्हायचं. माय औंढ्याच्या नागनाथाचे सोमवार धरायची, त्यामुळं तिच्या चुलीवर मासा चढणं शक्यच नव्हतं. तो शिजायचा गोठ्यामागं, तीन दगडांवर, वेगळ्या गाडग्यात, आणि शिजवायची माझी थोरली बहीण काशी, म्हणजे आमची आक्का. आबा, म्हणजे आमचे वडील, गावचे पाटील. पाटलानं स्वतःच्या धाकट्या पोरीनं, म्हणजे मी, धरून आणलेला मासा खायचा म्हणजे चारचौघांत शोभणारं नव्हतं, म्हणून ते ताटावर बसल्यावर काही विचारायचेच नाहीत. "आज कालवण कशाचं हाय?" असं त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही. काटे मात्र ते न बघता, बोलता बोलता, जिभेनं वेगळे करायचे, आणि ही कला वांग्याच्या भाजीवर येत नसते. मायचं शास्त्र त्याच्याही पुढचं. तिच्या मते मासा तो मासा, आणि रस्सा म्हणजे पाणी, तिखट, मीठ. त्यामुळं ती ज्वारीची भाकरी रस्स्यात चुरून खायची आणि हात धुतल्यावर, "म्या जल्मात मासळी तोंडात घातली न्हाई," असं शेजारणीला छातीवर हात ठेवून सांगायची. नागनाथानंही कधी हरकत घेतली नाही.

तेव्हा सिद्धेश्वरला धरण नव्हतं. पूर्णा आपल्या मर्जीनं वाहायची, उन्हाळ्यात आटून डोहाडोहांत बसायची, आणि आमच्या गावाखालच्या डोहात मरळ आणि वाम असायचे. त्या डोहावर गंगाराम भोई बसायचा. सगळं गाव त्याला गंग्या म्हणायचं. आम्ही दोघी बहिणी गंगामामा म्हणायचो, कारण त्याची आई मायच्या माहेरच्या गावची आणि माय त्याला भाऊ मानायची. वयानं आबांएवढा, अंगानं काटकुळा, आणि तोंडानं इतका वाईट की त्याच्या शिव्या ऐकून मासे आपण होऊन वर येतात असं आक्का म्हणायची. मी अकरा वर्षांची होते. पाटलाच्या पोरीनं नदीवर जावं ते धुणं घेऊन, असा नियम होता. मी धुणं घेऊन जायचे. एक लुगडं मी सकाळपासून दुपारपर्यंत धूत असे.

गंगामामाचा एक लांब दोर असायचा, अंबाडीचा, नदीच्या या काठाच्या झुडपाला बांधून आत सोडलेला. त्या दोराला हाताहातावर वीतभर लांबीचे बारीक तुकडे लोंबायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला गळ. मोठ्या दोराला तो माय म्हणायचा आणि त्या वीतभर तुकड्यांना लेकरं. हे तुकडे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे. दोन केस, तीन केस, चार केस पाण्यात भिजवून मांडीवर वळायचे, एका टोकाला गळाच्या दांडीवर सात वेढे देऊन गाठ मारायची, दुसऱ्या टोकाला फास ठेवायचा. गाठ ओढण्याआधी तिच्यावर थुंकायचं, नाहीतर केस गाठीतच करपतो आणि मोठा मासा लागला की बरोबर तिथंच तुटतो. "देवाचं नाव घे आन् थुक," असं मामा शिकवायचा. मी पुष्कळ दिवस देव्हाऱ्यापुढंही सवयीनं तोंडात थुंकी गोळा करायचे.

आता लेकरं घरूनच बांधून न्यायची असतात. मासा खाऊन राहिला असतो तो वेळ पायलीभर नसतो, चिमूटभर असतो. त्या वेळात एखादं लेकरू तुटलं तर ओल्या बोटांनी, चिखलात बसून नवं कोण बांधणार? तयार लेकरू काढायचं, फासात फास अडकवायचा, पुन्हा दोर पाण्यात. म्हणून दहा-वीस-तीस बांधून ठेवायची. आणि खरी कटकट तिथंच सुरू होते. बांधणं सोपं, ठेवणं अवघड. एका ठिकाणी ठेवली की ती एकमेकांच्या उरावर बसतात. याचा गळ त्याच्या फासात, त्याचा केस हिच्या गळ्यात. पुरचुंडीत बांधून नेलेल्या वीस लेकरांचा नदीवर पोचेपर्यंत असा गोळा होतो की तो सोडवण्यापेक्षा मासा पोहून जाऊन हातानं धरलेला बरा. माझा नातू आता नांदेडहून खणाखणांचा प्लास्टिकचा डबा आणतो, त्यात गळ भरतो, आणि शनिवारी धरणावर जाऊन पहिला अर्धा तास गुंता सोडवत मला शिव्या द्यायच्या ऐवजी फोनला देतो. मी त्याला सांगते की डबा बदलून काही होत नाही, ताण पाहिजे. केस ताणून ठेवला की तो भांडत नाही. माणसांचंही बरंचसं तसंच असतं, पण ते त्याला लग्नानंतर सांगेन.

गंगामामा आपली लेकरं वेळूच्या नळीवर ठेवायचा. नळीच्या वरच्या काठाला गळ अडकवायचा, केस नळीभोवती गुंडाळत खाली न्यायचा आणि फास खालच्या फटीत खुपसायचा. नळी चांगली होती, पण गुंडाळून ठेवलेला केस नळीसारखाच वाकडा होतो आणि पाण्यात सोडला तरी वेटोळं विसरत नाही. मी त्याच्यावर तोड काढली ती ज्वारीच्या धांड्याची. कडब्यातला चांगला जाड, वाळलेला धांडा घ्यायचा. वरची साल सोलली की आत मऊ भेंड लागतं, ज्याच्या आम्ही बैलगाड्या करायचो. दोन गाठींमधलं एक पेर बरोबर एक वीत भरतं. जणू ज्वारी पेरणाऱ्यानं माशांचाच विचार करून ठेवला होता. पेराच्या वरच्या अंगाला गळ भेंडात टोचायचा, केस सरळ खाली ताणायचा, आणि फासात बाभळीचा काटा घालून तो खालच्या अंगाला खुपसायचा. एका पेराभोवती सहा लेकरं शेजारी शेजारी, कुणाचा कुणाला धक्का नाही. पाच पेरांचा धांडा घेतला की तीस लेकरं. दोन केसांची कोणती आणि चार केसांची कोणती हे घाईत कळावं म्हणून मी मायच्या देव्हाऱ्यातला माल वापरला. दोन केसांच्या पेराला हळदीचा पट्टा, तीन केसांच्याला कुंकवाचा, चार केसांच्याला बुक्क्याचा. बुक्का लवकर का संपतो याचा शोध माय वर्षभर घेत होती आणि तिचा संशय आबांवर होता.

मामानं धांडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कितीतरी वेळ नुसता फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "गोदे, तू पाटलाच्या घरात काहून जल्मलीस गं? वाया गेलीस." एवढी शाबासकी मला पुढं शाळामास्तर नवऱ्याकडूनही मिळाली नाही.

धांड्यात एकच खोड होती. तो धांड्यासारखा दिसायचा. मायच्या नजरेला पडू नये म्हणून पहिला धांडा मी कडब्याच्या गंजीत खुपसला, पाच हजार धांड्यांत एक, आणि मोठी हुशारी केली म्हणून मिरवत होते. दुसऱ्या दिवशी गड्यानं नेमकी तीच पेंढी बैलापुढं टाकली. मी पोचले तेव्हा बैलानं शेंड्याचं गोड टोक चघळायला घेतलं होतं आणि पहिला गळ त्याच्या ओठापासून चार बोटांवर होता. मी बैलाच्या तोंडातून कडबा ओढून घेताना आबांनी पाहिलं. पाटलाची लेक बैलाच्या तोंडचा घास काढून राहिली, हे पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी मायला मला पोटभर जेवू घालायला सांगितलं. तेव्हापासून धांडा गोठ्याच्या आढ्याला, वाशांच्या वर गेला.

आता केसांचं सांगते, कारण सगळी भानगड केसांचीच आहे. गावात घोडा म्हणावा असं जनावर एकच, वाण्याचं तांबूस तट्टू, आणि त्याच्या शेपटीत केसांपेक्षा गोखरूच जास्त. शिवाय ती घोडी होती. मामा म्हणायचा, "घोडीचा केस न्हाई चालत. ती आपल्याच शेपटीवर मुतती, केस कुजतो. घोडा पायजे. आन् त्यातबी पांढरा. पांढरा केस पाण्यात दिसत न्हाई, माशाच्या बापाला कळत न्हाई." तांबडे-काळे केस तो बाजाराच्या दिवशी टांगेवाल्यांकडून आणायचा, पण पांढरा घोडा आमच्या मुलखात कुणाकडं असणार? अंमलदार लोकांकडं. आणि त्यांच्या घोड्याच्या मागं उभं राहणं म्हणजे निजामाच्या मागं उभं राहण्यासारखं. त्यामुळं पांढरा केस हे माझं स्वप्नच होतं. इतर पोरी पैंजणांची स्वप्नं बघत.

अशा वेळी आक्काला बघायला डोंगरकड्याकडचे पाहुणे आले, आणि मुलाचे चुलते रंगराव पांढऱ्या घोड्यावरून आले.

आक्का सोळा वर्षांची होती आणि उंच होती. उंच म्हणजे दारातून वाकून जाणारी. आधी दोन ठिकाणचे लोक बघून गेले होते आणि दोन्हीकडून, "पोरगी चांगली हाय, पण आमचं पोरगं तिच्या काखेत बसंल," असा निरोप आला होता. माय तिला बसताना अंग चोरून बस म्हणायची; ती चोरून बसली की आणखीच लांब दिसायची. या वेळी मुलगा स्वतः आला होता आणि ओसरीवर चढताना त्याच्या फेट्याला वासा लागला. आक्कानं ते दाराच्या फटीतून पाहिलं. माझा दंड इतका आवळला की वळ उठला. "गोदे," ती म्हणाली, "मला हे घर पायजे." तिनं आयुष्यात काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बघणं झालं, पसंती झाली, पुरणपोळ्या झाल्या. पुरणपोळी माणसाला आडवं करते हे जगन्मान्य आहे. रंगराव तर तुपाची वाटी दोनदा भरून घेणारे. त्यांच्या मिशा अशा होत्या की घोट घेताना आधी त्या बाजूला कराव्या लागत. ते ओसरीवर घोरायला लागले, मुलगा पडवीत झोपला, आबा पाहुण्यांच्या शिष्टाचारानं झोपले, आणि घोडा गोठ्यात आमच्या बैलाशेजारी बांधलेला. पांढराशुभ्र. शेपटी घोट्यापर्यंत. मी आक्काला हाताला धरून मागं नेलं. ती आधी नाही म्हणाली. मग घोड्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आता हा आपल्याच घरचा की. चार केस घेतले तर काय बिघडलं?" ती चुलीजवळून गुळाचा खडा घेऊन आली आणि घोड्याच्या तोंडाशी उभी राहिली. मी मागं.

केस कापायचा नसतो. कापलेला केस आखूड पडतो. एकेक केस बोटाला वेढून झटक्यानं उपटायचा. घोड्याला फार लागत नाही. निदान गूळ असेपर्यंत नाही. चार केस म्हणून आम्ही सुरू केलं होतं. पण शेपटी दाट होती, गूळ मोठा होता, आणि रंगरावांचं घोरणं भरवशाचं होतं. मी मोजत नव्हते. खडा संपला तेव्हा आक्का मागं आली, शेपटीकडं बघितलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. जिथं झाडू होता तिथं आता म्हातारीची वेणी होती. आक्कानं आपली फणी आणली, करडीचं तेल आणलं, आणि उरलेले केस विंचरून, फुलवून पाहिले. तेल लावल्यावर ते अंगाला चिकटून आणखीच कमी दिसायला लागले. तेवढ्यात ओसरीवर खोकला झाला आणि आम्ही पळालो.

रंगरावांना काही कळलं नाही. घोड्यावर बसणाऱ्याला घोड्याची शेपटी कधी दिसत नाही. ती मागून येणाऱ्यांना दिसते. सुपारी फुटली, मुहूर्त ठरला, पाहुणे मिशांवर ताव देत गेले, आणि मी आठ दिवस लुगडी न धुता गोठ्यात बसून केस वळत राहिले. बेचाळीस लेकरं झाली. असली सरळ, गोल, काचेसारखी लेकरं मी आधी बांधली नव्हती आणि पुढंही बांधली नाहीत. धांड्यावर तीस बसली. उरलेली बारा मी गंगामामाला नेऊन दिली. शिकवणाऱ्याला काहीतरी द्यायचं असतं, आणि माझ्याकडं देण्यासारखं दुसरं होतं तरी काय? मामानं एक लेकरू उजेडात धरलं, ओढून बघितलं.

"कुणाचा घोडा?"

"आक्काच्या सासरचा."

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "कापले का उपटले?"

"उपटले."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि बाराच्या बारा लेकरं त्यानं आपल्या वेळूच्या नळीवर, त्याच्या तांबड्या-काळ्या लेकरांच्या मधोमध, गुंडाळून ठेवली. तिथंच माझी चूक झाली, आणि तेव्हा ती मला माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट वाटत होती.

नवव्या दिवशी रंगराव आले ते बैलगाडीतून. घोडा आणला नव्हता. गाडीवान आणि भाऊबंदांतले दोघं सोबत. पाणी दिलं ते त्यांनी हातात नुसतं धरलं. ओसरीवर गावची दहा-पंधरा माणसं जमली. आम्ही दोघी माजघराच्या दाराआड.

"पाटील, तकलीफ देयाला आलो न्हाई," रंगराव म्हणाले. "इज्जतीचा सवाल हाय. तुमच्या गावातून घरी जाऊन राहिलो, तर वाटंत दोन गावची पोरं माझ्या मागं हसत आली. घोड्याची शेपटी म्हंजी मालकाची मिशी. माझी मिशी तुमच्या गावात कुणीतरी उपटली. त्यो माणूस मला दाखवा. त्याशिवाय लगीन न्हाई."

आबांना खरंच काही माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले, शपथ घेतली. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "घोड्याचे केस गावात लागत्यात कुणाला? भोयाला." हे एकदा कुणी बोललं की पुढं तहकीकात करायला लागत नाही. गंगामामाला नदीवरून बोलावलं. तो ओल्या पायांनी अंगणात उभा राहिला. त्याची नळी कुणीतरी काढून आणली होती. रंगरावांनी ती फिरवली, आणि तांबड्या-काळ्या केसांत पांढरी बारा लेकरं अशी चमकली की अंगणातल्या शेवटच्या माणसालाही दिसली.

"हे काय?"

मामानं नळीकडं पाहिलं. मग दाराकडं एकदा. मग जमिनीकडं. "माझ्या नळीत हाय म्हंजी माझंच," तो म्हणाला.

तोंडानं एवढा वाईट माणूस, पण त्या दिवशी त्यानं एकही शिवी दिली नाही. रंगराव म्हणाले, याला गावाबाहेर काढा. सूर्य मावळायच्या आत. डोहावर याचा दोर दिसला नाही पाहिजे. मग आपण लग्नाची बोलणी पुढं नेऊ. मामाच्या बापानं आबांना पोहायला शिकवलं होतं. मामा त्या डोहावर जन्मला होता, आणि डोह सोडून त्याला येत काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूला दोनदा परत गेलेली, दारातून वाकून जाणारी त्यांची लेक. आबांनी पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. "गंगाराम," ते खाली बघत म्हणाले, "तू काही दिवस..." आणि अडले.

मला बोलायचं होतं. एक पाऊल पुढं टाकायचं आणि, "केस म्या काढले," एवढं म्हणायचं. तीन शब्द. अकरा वर्षांच्या पोरीला कुणी गावाबाहेर काढत नाही. फार तर एक मुस्काटीत बसली असती. मी उंबऱ्याला चिकटून उभी राहिले. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी तिच्याकडं बघितलं नाही, दाराच्या कडीकडं बघत राहिले.

मग आक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दारातून वाकून बाहेर गेली आणि ओसरीवर सगळ्या पुरुषांसमोर ताठ उभी राहिली. त्या दिवशी तिनं अंग चोरलं नाही. बसलेल्या रंगरावांना तिच्याकडं मान वर करून बघावं लागलं.

"गंगामामाला जाऊ द्या," ती म्हणाली. "शेपटी म्या उपटली."

आतून मायचा आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. रंगरावांना आधी कळेचना. "तू? काहून?"

"गंगावन कराया."

वेणीत घालायचं गंगावन घोड्याच्या केसांचं करतात हे खरंच. रंगराव तिच्या काळ्याभोर, पोटऱ्यांपर्यंत येणाऱ्या वेणीकडं बघत राहिले. "पांढऱ्या केसाचं गंगावन? कुणाला?"

"मलाच," आक्का म्हणाली. "म्हातारपणी लागंल की. उरले ते मामाला दिले."

पहिला हसला तो रंगरावांचाच गाडीवान. त्यानं तोंडात मुंडाशाचा शेव कोंबला, पण उशीर झाला होता. मग अंगण हसलं. गंगामामा हसला नाही. तो नळीकडं बघत डोळे पुसत होता. आबांनीसुद्धा, देवाशपथ सांगते, मिशीत काहीतरी केलं. पुरुषानं शेपटी उपटली असती तर तो अपमान होता, त्याला दंड होता, शिक्षा होती. होणाऱ्या सुनेनं म्हातारपणाच्या तजविजीसाठी ती उपटली, याला कोणत्याही कायद्यात कलम नव्हतं. रंगराव उठले. "असली तोंडाची पोरगी आमच्या घरात न्हाई चालायची," एवढं बोलून गाडीत बसले. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत गाडीवानाचे खांदे हलत होते.

लग्न मोडलं. दोन वर्षांनी आक्काचं दुसरीकडं झालं. नवरा तिच्या खांद्याला लागायचा, स्वभावानं बरा होता, आणि तिनं त्याला कधी काही कमी केलं नाही. पण त्या उंच मुलाचं नाव तिनं जन्मात पुन्हा घेतलं नाही. पुढं आमच्या घरात ही गोष्ट हसण्याचीच झाली. लेकीसुनांना आक्का ती गंगावनासकट रंगवून सांगायची, आणि शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "गोदी बिचारी गप बसली ती माझ्यासाठी. तिच्या बोलण्यानं माझं लगीन मोडलं असतं ना." मी मान हलवायचे. सगळे कौतुकानं माझ्याकडं बघायचे. आक्का गेली तेव्हा तिच्या तेराव्यालाही कुणीतरी ते सांगितलं आणि मी तिथंही मान हलवली.

ते खोटं आहे. दाराआड उभी असताना मला आक्काचं लग्न आठवलंच नव्हतं. मला आढ्यावरचा धांडा आठवत होता. मी बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, बाकीचे केस कुठं आहेत? आणि मग धांडा खाली निघाला असता. त्याच्यासाठी मी गप बसले. गंगामामा गावाबाहेर गेला असता तरी मी गप बसले असते, असं मला वाटतं. हे मी आता लिहिते आहे, कारण मान हलवून हलवून मानेचा कंटाळा आला.

त्या दुपारी गाडी गेल्यावर माय स्वयंपाकघरात आक्काला उलथण्यानं मारत होती. आबा अंगणात गंगामामाशेजारी बसून तंबाखूची चंची पुढं करत होते. मी गोठ्यात गेले. गव्हाणीवर चढून वाशांत हात घातला आणि धांडा काढला. एकेक पेर फिरवून बघितलं. हळदीचं, कुंकवाचं, बुक्क्याचं. काटे जिथल्या तिथं, केस ताणलेले, तीसच्या तीस. मला इतकं बरं वाटलं की मी हसले.

मागं वळले तर दारात आक्का उभी होती. गालावर उलथण्याचा लाल वळ. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. तिनं धांड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हायत का सगळी?" तिनं विचारलं.

"हायत," मी म्हणाले.

मग ती तिथंच शेणाच्या टोपल्याजवळ खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. मी धांडा आधी आढ्याला नीट ठेवला, वरून पाचट ओढलं, आणि मग खाली उतरून तिच्याजवळ गेले.